हवेचा हिशोब मांडणारा माणूस : जॉन स्कॉट हॉल्डेन

न्यूटनचं सफरचंद, आर्किमिडीजचा टब, एडिसनचा बल्ब... थोर शास्त्रज्ञांच्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण बंद जागेत पाऊल टाकण्याआधी तिथली हवा तपासायला ज्यांनी शिकवलं, त्या माणसाचं नाव मात्र टी.ई.ला येईपर्यंत माझ्या कानावर आलं नव्हतं. ते नाव म्हणजे जॉन स्कॉट हॉल्डेन.

त्याचं असं झालं की, या वर्षी सेमिनारसाठी मला मिळालेला विषय जरा फिल्मी होता. एखाद्या घरात चोरून ड्रग्ज बनवले जात होते, पोलिसांनी धाड टाकून ते बंद केलं. आता त्या घराच्या हवेत कोणत्या विषारी वाफा उरल्या आहेत हे कसं तपासायचं? विषय कळल्यावर लेडीज हॉस्टेलमध्ये माझी व्हायची ती चेष्टा झालीच. पण वाचायला बसले आणि लक्षात आलं की, या विषयातले कितीतरी धडे शंभर वर्षांहून आधीच कुणीतरी शिकवून ठेवले आहेत, आणि तेही स्वतःच्या फुप्फुसांवर प्रयोग करून! सेमिनारमध्ये त्या माणसाच्या वाट्याला एकच स्लाईड आली. म्हणून हा लेख. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे टेक्निकल शब्दांना जड प्रतिशब्द शोधत बसले नाही. आपण लॅबमध्ये जे बोलतो तेच लिहिलं आहे, सांभाळून घ्या.

हॉल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरो शहरात झाला. घराणं जुनं आणि खानदानी. थोरले बंधू रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि नंतर लॉर्ड चॅन्सेलर झाले. जॉन यांनी १८८४ मध्ये एडिंबरो विद्यापीठातून डॉक्टरकीची पदवी घेतली. पण त्यांनी दवाखाना काही थाटला नाही. पेशंट आपल्याकडे येण्याची वाट बघण्यापेक्षा, माणूस जिथे राहतो, झोपतो, काम करतो तिथेच जाऊन तो आजारी का पडतो हे बघणं त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं. आणि त्यासाठी त्यांनी विषय निवडला तो हवेचा.

शिक्षण झाल्यावर ते डंडी या शहरातल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात लागले. डंडी म्हणजे तागाच्या गिरण्यांचं शहर. आपल्या बंगालमधून जहाजं भरभरून ताग तिथे जायचा आणि त्याची पोती, कापड बनायचं. गिरणी कामगारांची घरं म्हणजे एकेक खोली, त्यात अख्खं कुटुंब. तिथले केमिस्ट्रीचे प्रोफेसर कार्नेली, शहराचे आरोग्य अधिकारी अँडरसन आणि तरुण हॉल्डेन या तिघांनी ठरवलं की, गरिबांच्या घरातली हवा खराब असते असं नुसतं म्हणत बसण्यापेक्षा ती मोजायची.

आता ही माणसं हवा मोजायला कधी गेली असतील? मध्यरात्रीनंतर! आधी न कळवता, सगळी माणसं गाढ झोपेत असताना. कारण सरळ आहे. दिवसा साहेब लोक येणार म्हटल्यावर कुणीही दारं-खिडक्या उघडून, झाडून-पुसून ठेवणारच. पण माणूस जी हवा रात्रभर खरोखर ओढतो, ती दार बंद असतानाची. थंडीमुळे खिडकी लावून घेतलेली, एका पलंगावर चार जण झोपलेले, अशा खोलीत जाऊन त्यांनी नमुने घेतले. हवेतला कार्बन डायऑक्साईड किती, सेंद्रिय पदार्थ किती आणि जंतू किती, हे तिन्ही आकडे काढले. तेव्हाची कार्बन डायऑक्साईड मोजायची प्रचलित पद्धत म्हणजे बाटलीत खोलीची हवा घ्यायची, त्यात बेरियम हायड्रॉक्साईडचं द्रावण घालून हलवायचं आणि टायट्रेशन करायचं. फर्स्ट इयरला आपण ज्या टायट्रेशनला कंटाळतो, तेच ते!

हे काम १८८७ मध्ये रॉयल सोसायटीच्या मासिकात छापून आलं. एका खोलीच्या घरांची हवा तिन्ही बाबतींत मोठ्या घरांपेक्षा वाईट निघाली, आणि तिथलं मृत्यूचं प्रमाणही जास्त निघालं. शाळांची हवाही त्यांनी तपासली. ज्या शाळांत यंत्राने हवा खेळवली जात होती, तिथली हवा नुसत्या खिडक्यांवर विसंबलेल्या शाळांपेक्षा स्वच्छ होती. त्यामुळे व्हेंटिलेशन हा मताचा प्रश्न न राहता आकड्यांचा प्रश्न झाला.

त्याच सुमारास कार्नेली आणि हॉल्डेन यांनी गटारांची हवाही तपासली. लंडनला पार्लमेंटच्या इमारतीखालच्या गटारातही ते उतरले. तेव्हा सगळ्यांची पक्की समजूत होती की, गटाराचा वास म्हणजेच रोग. मोजल्यावर निघालं भलतंच. गटारातल्या हवेत बाहेरच्या हवेपेक्षा जंतू कमी होते! म्हणजे वास येतो म्हणून हवा जीवघेणी असतेच असं नाही. आणि याची दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची : वास येत नाही म्हणून हवा सुरक्षित असते असंही नाही. १८९५ मध्ये लंडनजवळ ईस्ट हॅम इथे गटारात उतरलेली पाच माणसं मेली. एक खाली पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा... असे पाच. या प्रकरणाचा तपास हॉल्डेन यांनी केला आणि कारण निघालं हायड्रोजन सल्फाईड. सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणून आपण ज्याला हसतो, तोच हा वायू. प्रमाण वाढलं की तो आधी नाकच बधिर करतो, मग वास येणंच बंद होतं आणि माणसाला वाटतं की धोका टळला.

१८८७ मध्ये हॉल्डेन ऑक्सफर्डला आले. तिथे त्यांचे मामा बर्डन सँडरसन फिजिऑलॉजीचे प्रोफेसर होते. तेव्हा शास्त्रज्ञांमध्ये एक वाद चालू होता. गर्दीच्या बंद खोलीत जीव का घाबरा होतो? पॅरिसच्या काही नावाजलेल्या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की, माणसाच्या उच्छ्वासात एक अज्ञात सेंद्रिय विष असतं. हॉल्डेन यांनी हवाबंद पेटी बनवून घेतली, माणूस जेमतेम मावेल एवढी, आणि सहकारी लोरेन स्मिथ यांच्याबरोबर तिचे प्रयोग सुरू केले. स्वतः आत जाऊन बसायचं, आपलाच श्वास पुन्हा पुन्हा ओढायचा, धाप लागेपर्यंत आणि डोकं ठणकेपर्यंत. मग तोच प्रयोग पेटीतला कार्बन डायऑक्साईड शोषून घेऊन करायचा. तेव्हा तशी धाप लागली नाही. म्हणजे धाप लावणारं ते गूढ विष नव्हतंच, तो साधा कार्बन डायऑक्साईड होता. पुढे १९०५ मध्ये त्यांनी प्रीस्टली यांच्याबरोबर दाखवून दिलं की, आपण किती जोरात श्वास घ्यायचा हे शरीर मुख्यतः या कार्बन डायऑक्साईडवरूनच ठरवतं. आज मेडिकलच्या मुलांना हा धडा असतो.

पण हॉल्डेन यांचं नाव खऱ्या अर्थाने झालं ते कोळशाच्या खाणींमुळे. तेव्हा ब्रिटनमध्ये खाणीत स्फोट होणं हे नित्याचंच होतं. खाणीत स्फोट झाला की माणसं भाजून आणि दगडाखाली चिरडून मरतात, असं सगळे धरून चालत. २७ जानेवारी १८९६ ला वेल्समधल्या टायलर्सटाऊन खाणीत स्फोट होऊन ५७ माणसं मेली. हॉल्डेन तिथे गेले, खाली उतरले, मृतदेह तपासले. बऱ्याच जणांच्या अंगावर मार नव्हता. चेहरे मात्र गुलाबी, जणू तब्येत ठणठणीत असावी तसे. कार्बन मोनॉक्साईडने रक्त लालभडक होतं, त्याची ही खूण. त्यांच्या अहवालातून निघालं की, स्फोटाच्या धक्क्याने मेलेले थोडे होते. बहुतेक जण वाचून बाहेर निघाले होते आणि वाटेत या वायूने मेले. म्हणजे वेळेवर हवा कळली असती, तर त्यातले कितीतरी घरी परत गेले असते! नुसत्या कारणाची दुरुस्ती नव्हती ही. मरणाचं कारण बदललं की वाचवायचा उपायही बदलतो.

कार्बन मोनॉक्साईडचा अभ्यास त्यांनी आदल्याच वर्षी स्वतःवर केला होता. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. हॉल्डेन ठरावीक प्रमाणात हा वायू मिसळलेली हवा नळीने ओढत बसायचे, मधूनमधून बोट टोचून रक्ताचा थेंब काढायचे आणि त्याचा रंग कारमाईनच्या द्रावणाशी ताडून किती टक्के हिमोग्लोबिन अडकलं ते काढायचे. एकदा तर निम्म्याहून जास्त रक्त अडकेपर्यंत ते थांबले नाहीत. उभं राहणंही मुश्किल झालं होतं. हा वायू आधी बुद्धीवर आणि आठवणीवर घाला घालतो, हेही त्यांना स्वतःवरूनच समजलं. घरच्यांनी नंतर सांगितलेली एक गोष्ट आहे. एका दुर्घटनेच्या ठिकाणी खाणीतून वर आल्यावर त्यांनी आपण सुखरूप असल्याची तार बायकोला केली. थोड्या वेळाने परत केली. मग परत! आधी तार केली हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

या प्रयोगांत त्यांच्या शेजारी पिंजऱ्यात उंदीर असायचा. तो त्यांच्या खूप आधी लोळायला लागे. लहान प्राण्याचा श्वास आणि रक्ताभिसरण अंगाच्या मानाने फार जलद, त्यामुळे विष त्याच्यात लवकर भिनतं. यावरून हॉल्डेन यांनी सुचवलं की, खाणीत शिरताना लहान प्राणी किंवा पक्षी बरोबर न्यावा. उंदरापेक्षा कॅनरी पक्षी बरा, कारण तो दांडीवरून पडला की अंधुक प्रकाशातही चटकन दिसतं. पक्षी पडला की माणसाच्या हातात मागे फिरायला काही मिनिटं उरतात. १९११ पासून ब्रिटनच्या खाण-बचाव पथकांत कॅनरी ठेवायची पद्धत सुरू झाली आणि १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक मीटरने त्याची जागा घ्यायचं ठरेपर्यंत ती चालू होती. पक्षी शुद्धीवर यावा म्हणून छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर बसवलेला पिंजराही वापरात आला. खाणकामगार त्या पाखरांशी शीळ घालून बोलायचे म्हणे.

कुणी विचारेल, खाणीत सेफ्टी लँप होता ना? मग पक्षी कशाला? इथेच हॉल्डेन यांचा सगळ्यात मोठा धडा आहे. मिथेन आला तर दिव्याची ज्योत वेगळी दिसते, ऑक्सिजन कमी झाला तर ती विझते. पण माणसाला मारायला पुरेसा कार्बन मोनॉक्साईड असला तरी ज्योत शांतपणे जळत राहते. दिवा खोटं बोलत नाही, पण त्याला जे दिसत नाही त्याबद्दल तो गप्प असतो. तेव्हा हातात यंत्र असून भागत नाही, त्या यंत्राला काय दिसत नाही हेही माहीत असावं लागतं.

दुसरा धडा त्यांनी स्वतःच्या मुलालाच दिला. मुलगा जॅक, म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेले जे. बी. एस. हॉल्डेन, तेव्हा लहान होता. वडील त्याला खाणीत घेऊन गेले. एका ठिकाणी त्याला उभं राहून शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझर नाटकातलं मार्क अँटनीचं भाषण म्हणायला लावलं. भाषण पुरं व्हायच्या आधीच पोराला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. खाली पडल्यावर मात्र त्याला नीट श्वास घेता येऊ लागला! कारण मिथेन हवेपेक्षा हलका, तो छताजवळ साठलेला होता आणि जमिनीलगतची हवा ठीक होती. आजच्या पालकांना हे ऐकून चक्कर येईल. पण एकाच खोलीत दोन फुटांवर हवा वेगळी असू शकते, हे तो मुलगा जन्मात विसरला नाही.

हॉल्डेन यांनी १८९८ मध्ये हवेच्या विश्लेषणाचं एक उपकरण प्रसिद्ध केलं. आपल्याला फ्युएल टेक्नॉलॉजीत ऑरसॅट अॅपरॅटस असतं ना, तत्त्व तेच. ब्युरेटमध्ये हवा मोजून घ्यायची, पोटॅशने कार्बन डायऑक्साईड शोषून घ्यायचा, पायरोगॅलॉलने ऑक्सिजन, आणि दर वेळी किती आकारमान घटलं ते वाचायचं. हॉल्डेन यांचं उपकरण फार नेमकं असल्यामुळे पुढची कित्येक वर्षं ते जगभरच्या प्रयोगशाळांत होतं. लंडनच्या भुयारी रेल्वेत तेव्हा कोळशाची इंजिनं चालत. १८९७ मध्ये तिथल्या हवेची चौकशी झाली तेव्हा बोगद्यातले नमुने घेऊन तपासायला हॉल्डेनच होते. १९०५ च्या सुमारास तिथे विजेच्या गाड्या आल्या. नौदलाच्या पाणबुड्यांसाठी १९०८ मध्ये त्यांनी टप्प्याटप्प्याने वर यायचं कोष्टक काढलं, ज्यामुळे खोल पाण्यातून येणाऱ्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन तो लुळा होण्याचं थांबलं. एका माणसाने काय काय करावं!

मग पहिलं महायुद्ध आलं. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. पिवळसर हिरवा ढग जमिनीलगत सरकत खंदकांत उतरला, कारण क्लोरीन हवेपेक्षा जड. ब्रिटिश सरकारने हॉल्डेन यांना तातडीने फ्रान्सला पाठवलं. त्यांनी सैनिक तपासले, वायू ओळखला आणि त्यावर मास्क बनवायच्या कामाला लागले. मास्क चालतो की नाही हे तपासायला बंद खोलीत क्लोरीन सोडून ते आणि त्यांचे सहकारी आत बसत. आघाडीवर लढत असलेल्या मुलालाही या कामासाठी बोलावून घेतलं. गंमत बघा, नव्हे, दुःख बघा... त्याच वर्षी त्यांच्या मोठ्या भावाला, जर्मनीबद्दल प्रेम आहे असा आरोप करून, लॉर्ड चॅन्सेलरच्या पदावरून बाजूला केलं गेलं. एक भाऊ देशाच्या सैनिकांसाठी विषारी वायू ओढत होता आणि दुसरा देशद्रोही ठरवला जात होता.

आता माझ्या सेमिनारच्या विषयाकडे येते, म्हणजे हॉल्डेन आज कुठे भेटतात ते कळेल.

अमेरिकेत १९९० आणि २००० च्या दशकांत मेथॅम्फेटामाईन नावाचं ड्रग लोक घरात, गॅरेजमध्ये, मोटेलच्या खोलीत चोरून बनवू लागले. पोलीस यायचे, माणसं आणि माल घेऊन जायचे. घर तिथेच राहायचं. पुढे त्याच घरात नवीन भाडेकरू यायचे, त्यांची मुलं त्याच गालिच्यावर रांगायची. भिंतीत, पडद्यांत, ड्रेनेजमध्ये सॉल्व्हंट आणि इतर रसायनं मुरलेली असायची. २००९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा घरांच्या सफाईसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. राज्यांचे स्वतःचे नियमही आहेत.

अशा घरात पहिल्यांदा शिरणारी टीम स्वतःच्या पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन आणि हातात मीटर घेऊन जाते. ऑक्सिजन २०.९ टक्के आहे का? १९.५ च्या खाली असेल तर ती जागा ऑक्सिजन कमी असलेली धरतात. ज्वालाग्राही वाफ पेट घेण्याच्या किमान मर्यादेच्या १० टक्क्यांवर गेली, तर बाहेर पडायचं. सॉल्व्हंटच्या वाफा बहुतेक हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत, सिंकखाली, तळघरात मीटर धरायचा. अमोनिया हलका, तो वर. मार्क अँटनीचं भाषण म्हणणारा तो मुलगा आठवला की नाही?

मग येतो फोटोआयोनायझेशन डिटेक्टर, ज्याला सगळे पीआयडी म्हणतात. आत अतिनील प्रकाशाचा दिवा असतो, त्याने वाफेचे रेणू आयोनाईझ होतात आणि करंट मिळतो. टोल्युईन, अॅसिटोन अशा वाफा तो सेकंदात दाखवतो. पण १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या नेहमीच्या दिव्याला हायड्रोजन क्लोराईड दिसत नाही, कार्बन मोनॉक्साईडही दिसत नाही. त्यांच्यासाठी वेगळे सेन्सर किंवा रंग बदलणाऱ्या काचेच्या नळ्या लागतात. पीआयडीवर शून्य आलं म्हणून मास्क काढणारा माणूस म्हणजे दिवा जळतोय म्हणून खाणीत पुढे जाणारा कामगारच. शिवाय पीआयडी सगळ्या वाफांची बेरीज सांगतो, नावं सांगत नाही. नावं हवी असतील तर पंपाने ठरावीक लिटर हवा शोषक भरलेल्या नळीतून ओढून घ्यायची आणि लॅबमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफ-मास स्पेक्ट्रोमीटरवर लावायची.

आणि शेवटची तपासणी? सफाईनंतर खिडक्या सताड उघड्या ठेवून नमुना घेतला तर कुठलंही घर पास होईल. म्हणून घर आधी बंद ठेवायचं, राहत्या घरासारखं गरम होऊ द्यायचं, भिंतीतून काय सुटायचं ते सुटू द्यायचं आणि मग मोजायचं. हे वाचलं तेव्हा मला डंडीच्या त्या मध्यरात्रीच्या फेऱ्या डोळ्यांसमोर आल्या. हवेसोबत भिंतीही पुसून तपासतात. ड्रगचा अंश १०० चौरस सेंटिमीटरवर किती चालेल याची मर्यादा राज्याराज्यांत वेगळी आहे, कुठे ०.१ मायक्रोग्रॅम तर कुठे १.५. डेन्व्हरच्या नॅशनल ज्यूईश संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं की, काम थांबल्याच्या दुसऱ्या दिवशीही नुसतं चालण्या-फिरण्याने तो अंश पुन्हा हवेत उडतो.

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एम.आय.डी.सी.मधल्या कारखान्यातून मेफेड्रोन पकडलं. पेपरमध्ये एम.डी. म्हणून येतं ते हेच. बातमी वाचताना आपलं लक्ष किती किलो आणि किती कोटी याकडेच जातं. पण दोन गोष्टींचा विचार आपण करायला हवा. एक म्हणजे असं रसायन बनवायला केमिस्ट्री येणारा माणूस लागतो, म्हणजे आपल्यासारखाच कुणीतरी शिकलेला. आणि दुसरी म्हणजे अशा शेडमध्ये रोजावर राबणाऱ्या, आणि नंतर तिथलं सामान हलवणाऱ्या कामगाराला आत काय आहे हे बऱ्याचदा कुणीच सांगत नाही. हॉल्डेनही शिकलेले होते. त्यांनी तीच केमिस्ट्री घेऊन आधी स्वतः आत पाऊल टाकलं, म्हणजे मागून येणारा कामगार जिवंत परतावा.

१९१२ पासून हॉल्डेन खाणमालकांनी काढलेल्या डॉनकास्टरच्या संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. पण पगार मालकांचा असला तरी मोजलेला आकडा त्यांनी कधी लपवला नाही. १९३४ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं कॉप्ली मेडल मिळालं. वयाच्या पंचाहत्तरीत ते इराणच्या तेल कारखान्यांतल्या कामगारांना उष्माघात का होतो हे बघायला गेले आणि परत आल्यावर न्यूमोनियाने आजारी पडले. मार्च १९३६ मध्ये १४ आणि १५ तारखेच्या मधल्या रात्री ऑक्सफर्डला त्यांचं निधन झालं. ज्यांनी आयुष्यभर फुप्फुसांचा अभ्यास केला ते फुप्फुसांच्याच आजाराने गेले. त्यांचा मुलगा, तोच खाणीत पडलेला जॅक, मोठा जीवशास्त्रज्ञ झाला. १९५७ मध्ये तो भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. म्हणजे हॉल्डेन घराण्याशी आपलं तसं नातंही आहे!

मित्रांनो, हे चरित्र नुसतं वाचून सोडून देण्यासारखं नाही. आजही आपल्या शहरांत सफाई कामगार मॅनहोलमध्ये आणि सेप्टिक टँकमध्ये उतरतात आणि गुदमरून मरतात, एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, अगदी ईस्ट हॅमसारखंच. २०१३ चा कायदा आहे, मीटर बाजारात मिळतो. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझर लावून आंघोळीला गेलेली तरुण मुलं कार्बन मोनॉक्साईडने जातात, अशा बातम्या हिवाळ्यात येतातच. उद्या आपल्यातले बरेच जण प्लँटवर शिफ्ट इंजिनीअर होतील. टाकीत माणूस उतरवायच्या परवानगीच्या कागदावर सही आपली असेल. तेव्हा वरच्या साहेबांची घाई असेल, मीटर स्टोअरमध्ये असेल, आणि उतरणारा कामगार म्हणेल की वास तर काही येत नाही मॅडम. त्या वेळी मीटर आणवायचा, वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं, आणि आकडा बघूनच सही करायची.

हॉल्डेन यांच्या स्मृतीला माझे विनम्र अभिवादन!

टी.ई. केमिकल